घोट्यावरची टिचकी

बंडगर सरांना काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. डोळे बारीक करून समोरच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "थांबा. निघालंय, पोचतंय." चहा घेणार का, एवढं विचारलं तरी हेच. ते ईट गावच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले तेव्हा मला वाटलं, माणूस जरा मंद असावा. मी मराठी शिकवते. बोलण्यात ज्याची चाल धीमी, त्याच्याबद्दल माझं मत पटकन वाईट होतं. हा माझा जुना दोष आहे आणि बऱ्याच जणांनी सांगूनही तो गेलेला नाही. बंडगर सरांच्या बाबतीत मात्र तो मला गिळावा लागला.

उंच, काटकुळा माणूस. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं सेकंद मोजायचं घड्याळ. खेळाच्या शिक्षकांच्या गळ्यात शिट्टी आणि विज्ञानाच्या शिक्षकांच्या गळ्यात घड्याळ, अशी आमची शाळा होती. सर त्या घड्याळानं काहीही मोजायचे. पलीकडच्या रानात कुणी लाकूड फोडत असलं की कुऱ्हाड पडलेली आधी दिसायची आणि आवाज मागून यायचा, तेवढ्यात सरांचा अंगठा दोनदा दाबून झालेला असायचा. मग ते शिरपतीचं रान इथून किती लांब आहे हे सांगायचे. शिरपतीला स्वतःला ते माहीत होतं आणि त्याला त्याचं काही कौतुक नव्हतं.

घडलेलं आणि कळलेलं यांच्या मधला उशीर, हा सरांचा आवडीचा विषय. तो त्यांना कुठून लागला हे त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. संध्याकाळी ते टेकाडावरून हाळी द्यायचे आणि कळप वळायचा. पण सगळा एकदम नाही. पुढची मेंढी वळली की तिच्या मागची, मग तिच्या मागची. शेवटचं कोकरू वळेपर्यंत बंडगर आकडे मोजत उभे राहायचे. "हाळी एकच असती मॅडम," ते म्हणाले, "पण प्रत्येक मेंढराला ती वेगळ्या टायमाला लागती. आपल्या अंगात बी असंच आहे. डोकं हाळी देतं, पाय मागून वळतो."

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आठवीच्या वर्गाला एक प्रयोग करायला लावायचे. पुस्तकात तो नव्हता, परीक्षेत विचारला जात नव्हता, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मैदानावर चाळीस पोरं गोलात बसवायची, डोळे मिटलेले. सर त्या गोलातच बसायचे. घड्याळ चालू करून ते पहिल्या पोराच्या खांद्यावर टिचकी मारायचे. त्याला ती कळली की त्यानं पुढच्याच्या खांद्यावर मारायची. अशी टिचकी फिरत फिरत शेवटच्या पोराकडून सरांच्या खांद्यावर आली की सर घड्याळ बंद करायचे. मग हाच खेळ पुन्हा, पण टिचकी घोट्यावर. घोट्याच्या खेळाला वेळ थोडा जास्त लागतो, कारण पायाचा निरोप डोक्यापर्यंत जायला वाट लांब. डोक्याकडून हाताच्या स्नायूंकडे जाणारा निरोप दोन्ही खेळांत सारखाच, तो वजाबाकीत निघून जातो. जो उशीर उरतो तो एकट्या पोराचा मोजायला गेलं तर गळ्यातल्या घड्याळात सापडणार नाही, पण चाळीस पोरांचा साठला की सापडतो. त्याला भागायचं, आणि आपल्या नसांमधून निरोप किती वेगानं पळतो ते आठवीतल्या पोरांनी स्वतः काढायचं.

हे सगळं मला तेव्हा कुठं कळत होतं. मला दिसत होतं ते एवढंच, की चाळीस पोरं आणि एक शिक्षक डोळे मिटून धुळीत बसलेत आणि एकमेकांच्या पायांना हात लावतायत.

पहिल्या वर्षी उत्तर आलं ते भलतंच. पोरांच्या हिशेबानं निरोप घोट्यापासून डोक्याकडे शेळीच्या चालीनं जात होता. खरं तर तो एका सेकंदात आमच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवा. सरांनी घड्याळ बदललं, पोरं बदलली, चार दिवस प्रयोग पुन्हा पुन्हा केला. निरोप काही पळायला तयार होईना. मी म्हटलं, "सर, आपल्या तालुक्याचा वेग असाच आहे, लिहून टाका." ते हसले नाहीत. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, कुणाचे तरी उघडे पाहिजेत, असं म्हणून त्यांनी मला वही देऊन कडेला उभं केलं.

दोन मिनिटांत मला दिसलं. पोराच्या घोट्यावर टिचकी बसली, म्हणजे त्याचा पाय कुणाच्या तरी हाताला लागला. पाय लागला की आपण काय करतो? त्याचा हात आधी शेजाऱ्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे जायचा, आणि नमस्कार झाल्यावर पुढच्याच्या घोट्याकडे. मिटल्या डोळ्यांनी, नकळत. चाळीसपैकी तीस पोरं तरी असं करत होती. मी सरांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की मला वाटलं आता माझ्याच पाया पडतात.

मी असते तर पोरांना दम दिला असता. सरांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी सांगितलं, प्रयोगाच्या आधी सगळ्यांनी सगळ्यांना नमस्कार करून घ्यायचा, पुढचे पण त्यातच धरले जातील. आणि खरंच, पोरं पाच मिनिटं एकमेकांच्या पाया पडत सुटली. अण्णा शिपाई पाणी घेऊन आला तर त्याच्याही पाया पडली. मग गोल बसला, टिचकी फिरली, आणि आकडा बरोबर आला. तेव्हापासून दरवर्षी हा आगाऊ नमस्कार व्हायचा. तरी कुणाचा हात छातीकडे गेलाच तर माझ्या वहीत 'नमस्कार' असा एक रकाना होता, तिथं त्याच्या नावापुढे खूण.

वहीच्या पहिल्या पानावर सरांनी लिहिलं होतं: आलेलं लिहायचं, पाहिजे ते लिहायचं नाही. पोरांच्या वह्या तपासतानाही त्यांचं हेच चालायचं. एखाद्यानं बरोबर उत्तर लिहिलं आणि आकडे त्याच्याशी जुळत नसले की सर त्याला शून्य द्यायचे, आणि चुकलेलं उत्तर इमानदारीनं लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी. पालक भांडायला यायचे. सर त्यांना बसवायचे, म्हणायचे, "थांबा, निघालंय," आणि पालक थांबून थांबून थंड व्हायचे.

एकदा शिक्षकांच्या खोलीत आम्हा नऊ जणांनाही त्यांनी गोलात बसवलं. एकेकाला वगळून मोजल्यावर सगळ्यांत हळू मी निघाले. हे मला फार लागलं. सर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं निरोप आला की तुम्ही आधी त्याच्यातल्या चुका काढता." तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी भट्टीवरचा ताजा खवा कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो खाल्ला आणि पुन्हा बोलायला लागले.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मग एका सकाळी सर एकच चप्पल घालून शाळेत आले. दुसरा पाय अनवाणी. पोरं खिदळली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. वाटेत कुठे निघाली ते त्यांना कळलंच नव्हतं. अण्णा जाऊन ती पाराजवळून घेऊन आला. पुढे महिन्याभरात दोनदा असं झालं. एकदा मोटारसायकलच्या सायलेन्सरला पोटरी टेकून भाजली, मोठा फोड आला, आणि तो त्यांना घरी गेल्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या शांतावहिनींनी दाखवला. मी चेष्टा करायची ती केलीच. म्हटलं, सर, आता तुमच्याच पायाचा निरोप पोस्टानं येतोय. ते हसले. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

त्या वर्षीच्या प्रयोगात आकडा थोडा बिघडला. दुसऱ्या वर्षी जास्त. खांद्याचा खेळ नेहमीसारखा आणि घोट्याच्या खेळाला उगाच दोन-अडीच सेकंद जास्त. सरांनी कारण लगेच दिलं, आणि लगेच दिलं यातच मला काहीतरी कळायला हवं होतं. म्हणाले, शेवटच्या पोराला माझ्या पायाला हात लावायचा असतो. गुरुजींचा पाय म्हटल्यावर ते नुसती टिचकी मारणार नाही, आधी नमस्कार करणार. तिथं वेळ जातो. हे इतकं पटण्यासारखं होतं की मी वहीत त्या पोराच्या नावापुढे 'नमस्कार' ची खूण करून टाकली. मला तो नमस्कार दिसला नव्हता. मी त्या वेळी कुठे बघत होते, आता सांगता येणार नाही. पण खूण माझ्या हातची आहे, दोन्ही वर्षांची.

तिसऱ्या वर्षी सरांच्या शेजारी कोमल नावाची मुलगी होती. ईटच्या बाहेर वस्तीवरून चालत येणारी, वर्गात तोंड न उघडणारी. प्रयोग झाला, आकडा पुन्हा बिघडला, वर्गात आल्यावर सर नेहमीचं कारण फळ्यावर लिहून सांगू लागले. कोमल उभी राहिली. तिला बोलायचंय हे कळायलाच वर्गाला वेळ लागला.

"सर, म्या नमस्कार केलाच न्हाय," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तसं आधीच उरकला हुता. म्या दोनदा टिचकी मारली. पयल्या टिचकीला तुमी हाललाच न्हाय, घड्याळबी वाजलं न्हाय."

मी वही घेऊन दाराशी उभी होते. सर तिच्याकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, आणि या वेळी 'थांबा' म्हणाले नाहीत. मग त्यांनी खुर्ची ओढली, वर्गासमोर बसले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डोळे मिटले. कोमलला म्हणाले, "इकडं ये बाळ. दहा वेळा मार. मध्ये कमी-जास्त थांब, मला अंदाज येऊ देऊ नको. मला कळलं की मी हात वर करीन." आणि मला म्हणाले, "मॅडम, लिहा."

मी लिहिलं. दहातल्या तीन टिचक्यांना हात वर झाला. एकदा टिचकी नसतानाच झाला. दहा झाल्यावर सरांनी डोळे उघडून विचारलं, किती? मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली, उठले, फळ्यावरचं नमस्काराचं कारण पुसलं आणि तिथं लिहिलं: दहापैकी तीन. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "दोन वर्षं मी पाहिजे ते लिहीत होतो. आज कोमलनं आलेलं सांगितलं. वहीत उतरवून घ्या." पोरांनी उतरवून घेतलं. खडू ठेवताना तो त्यांच्या बोटांतून निसटला, पण तो भीतीनं निसटला असेल. हातांना तेव्हा काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोमल शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कळलं ते असं, की सरांच्या पायात दोष काढला म्हणून घरात तिला बोलणी बसली होती. आजीचं तर म्हणणं पडलं की पोरीच्या तोंडूनच ते दुखणं लागलं. सरांनी मला स्कूटी काढायला लावली. स्वतः गाडी चालवायची हिंमत आता त्यांना नव्हती. वस्तीवर त्यांनी बाजेवर बसून चहा घेतला, आजीला शेळ्या किती, दूध किती विचारलं. मग म्हणाले, "आजी, मी विस्तवावर पाय दिला असता तरी मला कळलं नसतं. तुमच्या नातीनं मला सांगितलं. तिला उद्या शाळेत पाठवा, मला तिची गरज हाय." आजीनं त्यांच्या पायांकडे बघितलं आणि कोमलला हाक मारली.

सोलापूरच्या डॉक्टरांकडे वहिनी त्यांना घेऊन गेल्या. तिथं पायाला विजेचे बारीक झटके देऊन निरोप किती वेगानं जातो हे मोजायचं यंत्र होतं. वहिनी सांगत होत्या, लोक त्या टेबलावर ओरडतात, आणि यांनी काय केलं तर मशीनवाल्या पोराला पडदा आपल्याकडं वळवायला लावला. झटका बसला की रेघेवर उंचवटा यायला हवा होता. हातांचा छान आला. पायांचा उशिरा आला आणि अगदीच बुटका. सरांनी त्या पोराला विचारलं, दोन जागांमधलं अंतर तू कशानं मोजतोस. तो म्हणाला, टेपनं. सर म्हणाले, मग आपलं सारखंच हाय.

डॉक्टरांनी सांगितलं की साखर नाही, दुसरं काही नाही, शरीर स्वतःच स्वतःच्या नसांवरचं आवरण खातंय. औषध आहे, सलाईनमधून द्यायचं, महिन्याच्या महिन्याला. उपयोग होईल का, तर थांबेल बहुतेक. गेलेलं परत येईल का, ते सांगता येत नाही. आणखी वर्षभर उशीर केला असता तर चाकाची खुर्चीच. त्यांनी विचारलं, इतक्या लवकर कुणाच्या लक्षात आलं? सर म्हणाले, "आठवी ब."

मग सर रजेवर गेले. काठी आली. वर्गात उभं राहून शिकवता येईल की नाही, हा एकच प्रश्न त्या घरात होता, आणि तो कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. वहिनींचं माहेर सोनारीचं. त्यांनी तिथल्या काळभैरवाला नवस बोलून घेतला की हे स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून येतील. मला वाटलं सर यावर काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "बोल. पण कुठल्या तारखेला बोललीस ते वहीत लिही. औषधाची तारीख लिहिलीय, देवाची बी पाहिजे." वहिनींनी लिहिली.

पहिले तीन महिने मी जायचे तेव्हा सर हसून बोलायचे आणि पाय चादरीखाली ठेवायचे. एकदा मी मनातलं सांगून टाकलं, की न बघता मीच त्या खुणा केल्या. त्यांनी नेहमीसारखे डोळे बारीक केले. "मॅडम, तुम्ही माझं ऐकून केल्या," ते म्हणाले. "मला लई दिवस ठाऊक होतं. ऐकायचं नव्हतं." एवढं बोलून त्यांनी शाळेचा विषय काढला. मी घरी येईपर्यंत रडत होते. मला माफी मिळाली म्हणून नव्हे, तर इतका खरा माणूस दोन वर्षं एकटाच घाबरत होता म्हणून.

मे महिन्यात संस्थेनं माझी बदली कळंबच्या शाळेत केली. जायच्या आधीच्या रविवारी सकाळी मी त्यांना भेटायला गेले. दार उघडं होतं. सर अंगणात खुर्चीवर बसले होते, दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोळे मिटलेले. वहिनी शेजारी पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या हातात निळं स्केचपेन होतं.

मी पायांकडे बघितलं. दोन्ही नडग्यांवर आडव्या निळ्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात तारीख. दाराच्या चौकटीवर पोरांची उंची लिहितात तशा. फक्त या वरून खाली येत होत्या. पहिली गुडघ्याखाली चार बोटांवर, धुऊन फिकट झालेली आणि पुन्हा गिरवलेली. दर रविवारी वहिनी खालून टिचक्या मारत वर जायच्या, आणि जिथं सरांना पहिल्यांदा कळायचं तिथं रेघ ओढायच्या. तीन महिने रेघ एकाच जागी पडत होती, एकावर एक, जाड झालेली. तिच्या खाली एक होती, मग आणखी एक. वहिनींनी मला खुणेनं गप्प बसायला सांगितलं.

त्यांनी अंगठ्यावर टिचकी मारली. सर म्हणाले, "न्हाय." पावलावर मारली. "न्हाय." घोट्यावर मारली. सर काहीच म्हणाले नाहीत. वहिनी वर सरकल्या नाहीत, हात तसाच घोट्याजवळ धरून थांबल्या. मीही थांबले. त्या गल्लीत रविवारी सकाळी टेम्पो, कोंबड्या, पोरं सगळं असतं, पण मला त्यातलं काही ऐकू आल्याचं आठवत नाही.

"हितं काहीतरी झालं," सर म्हणाले.

वहिनींनी पुन्हा मारली. "व्हय. हितं." त्यांनी तिसऱ्यांदा टिचकी न मारता नुसताच हात हलवला. सर म्हणाले, "आता काही न्हाय. फसवू नको."

वहिनींनी घोट्याच्या हाडावर रेघ ओढली. ती वाकडी आली. सरांनी डोळे उघडले, आधी रेघ बघितली, मग मला. मी आलेलं त्यांना आत्ताच कळत होतं. म्हणाले, "मॅडम, किती खाली आली?" मी म्हटलं, चांगली चार बोटं आली असेल. "चार बोटं म्हणजे किती?" ते म्हणाले. "कुणाची बोटं? शांता, आतून पट्टी आण. आणि वही."

वहिनी उठल्या, पदर सावरत आत गेल्या. फडताळ उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. सरांनी त्यांना हाक मारली नाही. वाकून, रेघ पुसली जाऊ नये म्हणून तिच्या जरा बाजूला बोट ठेवून, ते बसून राहिले.